दोघींच्या वरचा ठिपका

ये इकडं. बस अशी जवळ, भिंतीला टेकून. आणि आधी कान पुढं कर, पिळायचाय. दारापर्यंत येतीस, फरशीवर ठिपका ठेवतीस आणि आत न येता निघून जातीस, ही कुठली रीत गं सुजे? मावशीचं घर आहे हे. चप्पल काढायची, मोरीत पाय धुवायचे, "मावशी, चहा" म्हणून ओरडायचं आणि सरळ आत यायचं, एवढंच तर तुझं असायचं. मेल्यावर माणूस इतकं परकं होतं का?

बघ, लिहिलाच शेवटी तो शब्द. घरात कुणी उच्चारत न्हाई. सगळे म्हणतात "सुजाता गेल्यावर", जशी काय तू लातूरला गेलीस. लातूरला तर तू दर सोमवारी जायचीस, कॉलेजात शिकवायला, आणि शनिवारी परत इथं नांदेडला यायचीस. म्हणून मला त्या "गेल्यावर"चा लई त्रास होतो. शनिवार आला की जीव दाराकडं जातो.

भंतेजी आले, जलदान विधी झाला, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. लोकांनी भाषणं केली. एकजण म्हणाला, आपण एका विदुषीला मुकलो. मी तुझ्या काकांना हळूच विचारलं, "कोण गेली म्हणे?" त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. पण खरं सांगते, त्या भाषणातली सुजाता मला ओळखू आली न्हाई. ती कुणाची रांगोळी बिघडवणारी वाटत नव्हती.

तू पहिल्यांदा राहायला आलीस तेव्हाचं आठवतं का? मुखेडहून एक पत्र्याची पेटी आणि तीन पोती पुस्तकं. मी चौथीपर्यंत शाळा बघितलेली बाई, पुढचं जे आलं ते पुड्याचे कागद वाचून आणि तुमच्यासारख्यांना विचार विचारून. मी विचारलं, "काय शिकून राहिली गं?" तू म्हणालीस, "कम्युटेटिव्ह रेसिड्युएटेड लॅटिस, मावशी." तुझे काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये सारा जन्म घालवलेले. ते पेपरमागून म्हणाले, "सळईचं काम असंल." तू म्हणालीस, "जाळीचंच आहे काका, पण वेल्डिंग न्हाई लागत." तेव्हापासून ते पाहुण्यांना सांगायचे, आमची पोरगी जाळी करते, बिनवेल्डिंगची.

मग तू खडू घेऊन शहाबादी फरशीवर बसलीस. ठिपके काढलेस, रेघा ओढल्यास. म्हणालीस, ठिपका म्हणजे काहीही धर, माणूस धर, वाक्य धर, डाळीतलं मीठ धर. रेघेच्या खालचा तो लहान, वरचा तो मोठा. आता कुठलेही दोन ठिपके उचल. त्या दोघांच्याही वर असणारा आणि दोघांना सगळ्यात जवळचा, असा एक ठिपका सापडलाच पाहिजे. खाली पण तसाच एक. असं प्रत्येक जोडीचं झालं तरच ती जाळी, न्हाई तर नुसते ठिपके.

"आणि ह्या ठिपक्यांचा गुणाकार पण होतो," तू म्हणालीस.

"ठिपक्याला ठिपक्यानं गुणायचं?"

"हाव."

"येतं काय?"

"ठिपकाच."

"मग गुणलं कशाला?"

तू इतकी हसलीस की खडू मोडला. पण मी मागे लागले तेव्हा नीट समजावलंस. माझं वरण शिजत होतं. म्हणालीस, मावशी, ह्यात तू मीठ आधी थोडं घातलंयस. आता खारट होऊ न देता अजून जास्तीत जास्त किती घालता येईल? मी म्हटलं, हे बघ, चिमूटभर. तू म्हणालीस, ती चिमूट म्हणजेच माझा विषय. हातात एक आहे, हद्द दुसरी आहे, हद्द न ओलांडता अजून घालता येईल असं सगळ्यात मोठं काय, ते प्रत्येक वेळी सापडायलाच पाहिजे. मला इतकं बरं वाटलं बघ. म्हटलं, हे तर मी रोज करते. तू म्हणालीस, "करतीस, पण सिद्ध नाही करत." लगेच टोमणा! तुझी जीभ तुझ्या आईवर गेलेली.

आणि ते क्रमाचं भांडण. तुझ्या जाळीत म्हणे कोण आधी नि कोण नंतर, ह्यानं गुणाकारात काही फरक पडत न्हाई. मी म्हटलं, आधी साडी नि मग परकर नेसून जा बरं कॉलेजात. तू म्हणालीस, तसल्या पण जाळ्या असतात, क्रम लागणाऱ्या, पण मी ही निवडली. "सोपी म्हणून?" "न्हाई मावशी. मला आवडतं, कुणी पुढं न्हाई नि कुणी मागं न्हाई." त्यावर माझं उत्तर राहिलंय. ते आता देते. फरक पडतो, सुजे. मी मोठी, मग तुझी आई, मग तू. असा क्रम होता. तू तो मोडलास आणि हिशोब एकच येतो असं मला कुणी सिद्ध करून दाखवू नये.

आता रांगोळीचं. आमच्या आईनं आम्हा दोघी बहिणींना एक रांगोळी शिकवली होती. खाली एक ठिपका, त्याच्या वर दोन, त्यांच्या वर दोन, आणि शेंड्याला एक. मधल्या चौघांत खालच्या दोन्हींपासून वरच्या दोन्हींकडं रेघा, म्हणजे बरोबर मध्ये दोन रेघा एकमेकींवरून जातात. मी इथं नांदेडात काढते, तुझी आई तिथं मुखेडात काढते. साधी आहे, पण आमची आहे. तू एका सकाळी दात घासता घासता तिच्यापुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मावशी, ही जाळी न्हाई."

"मी कधी म्हटलं जाळी आहे? रांगोळी आहे."

"खालच्या ह्या दोघी बघ. दोघींच्या वरची जवळची कोण? ही पण म्हणते मी, ती पण म्हणते मी. आणि त्या दोघींत लहानमोठं कुणीच न्हाई. निकाल लागत न्हाई."

"मग मध्ये रेघा मिळतात तिथं धर की."

"तिथं मिळत न्हाईत, नुसत्या वरून जातात. तिथं कुणी न्हाई, मावशी."

तोंडात पेस्टचा फेस घेऊन तू हे बोललीस आणि का कोण जाणे, माझ्या अंगावर काटा आला. तिथं कुणी न्हाई. मग तू वाकलीस, चिमूट घेतलीस आणि त्या मधल्या जागेवर एक ठिपका ठेवलास. माझे ठिपके वारुळासारखे उंच असतात. तू तो अंगठ्यानं दाबून चपटा केलास. "आता झाली जाळी. खालच्या दोघींच्या वरची ही, वरच्या दोघींच्या खालची पण हीच." मी पदरानं पुसून टाकला. आईनं मध्ये जागा मोकळी ठेवलेली, ती मी का भरू? तेव्हापासून तुझं रोजचंच, आणि पुढं लातूरला शिकवायला लागल्यावर दर सोमवारचं. मी रांगोळी काढून आत जायची, तू बसला निघताना ठिपका ठेवून पळायचीस. दूध घ्यायला बाहेर यावं तर तो चपटा ठिपका माझ्याकडं बघत असायचा. मी पुसायची. किती वर्षं चाललं ते आपलं! कुणी हरलं न्हाई.

मग तू लातूरहून फोन केलास, "मावशी, जमलं! आल्यावर सांगते, फोनवर नाही कळायचं." आवाजात नुसतं ऊन. काय जमलं ते राहूनच गेलं. आधी ताप आला, मग दवाखाना आला, आणि आम्ही पोचलो तेव्हा तू नळ्यांमध्ये. डॉक्टर चांगले होते गं. देता येण्यासारखं जे जास्तीत जास्त होतं ते त्यांनी दिलं. तुझी आई अजून विचारते, अजून काही द्यायला पाहिजे होतं का. तेव्हा मला तुझंच एक वाक्य आठवतं. हद्द न ओलांडता घालता येईल ते सगळ्यात मोठं घातलं, तरी हद्दीपर्यंत पोचेलच असं नसतं, कधी कधी खालीच राहतं, आणि ते कुणाचं चुकलं म्हणून न्हाई, जाळीच तशी असते. त्या दिवशी वरण अळणी झालं होतं म्हणून तू ते मला सांगितलं होतंस. त्या वाक्यावर मी दवाखान्याची पायरी उतरले, इमानानं सांगते.

विधी आटपल्यावर मी परत सडा टाकायला लागले. पहिल्या सकाळी रांगोळी काढली, आत गेले, दूधवाला आला म्हणून बाहेर आले. मध्ये ठिपका. चपटा.

मी म्हटलं, शेजारची पोरगी असंल. तिच्या आईला विचारलं तर ती पोरगी सुट्टीला भोकरला मामाकडं गेलेली. मी पुसला. दुसऱ्या सकाळी परत. तुझे काका म्हणाले, "तुझाच हात असंल. म्हातारपणी हात आपल्या मनानं चालतो." असंल बाबा. म्हणून मी रांगोळी काढली, हात धुतले, चांगले पदराला पुसले आणि दारातच पाटावर बसले, नजर लावून. सकाळचं लख्ख ऊन, गल्लीत भाजीवाला ओरडून राहिलेला, भीती वाटावी असं काही न्हाई. ठिपका न्हाई. मग दारालगतच्या गॅसवर दूध वर आलं, मी मान वळवली, झाकण काढलं, मान परत आणली. होता. झाकणाच्या वाफेनं माझ्या बोटांवर ओल होती, सुजे. ओल्या बोटांनी कोरडा ठिपका ठेवता येत न्हाई, रांगोळी बोटालाच चिकटते. एवढं तर मला कळतं.

तेव्हापासून घराचं काही खरं राहिलं न्हाई. दोन कप शेजारी ठेवते आणि वाटतं, ह्या दोघांच्या वर अगदी जवळ कुणीतरी वाकून बघून राहिलंय. दोन उशा ठेवते, त्यांच्या खाली कुणीतरी आहे, दोघींना सारखंच धरून. तुझे काका आणि मी जेवायला बसतो, बोलत असतो, आणि बोलता बोलता दोघंही एकदमच वर बघतो. का बघितलं ते कुणीच विचारत न्हाई. पंखा फिरत असतो. ते परत ताटात बघतात, मी पण बघते.

पण भीती म्हणावी तर ती नव्हती. खरं काय होतं ते तुला म्हणून सांगते. मी सकाळची वाट बघायला लागले होते. मधली जागा मी आता आईसाठी मोकळी सोडत नव्हते. चूक ठेवली तर तू येतीस, हे मला कळलं होतं.

घोर होता तो तुझ्या आईचा. वच्छी फोनवर एकच विचारायची, "आक्का, तुझ्याकडं काही जाणवतं का?" मी म्हणायची, "काय जाणवायचंय? जेव तू." कारण माझ्या कानावर आलं होतं की देगलूरकडं कुणी बाई आहे, तिच्या अंगात येतं, आणि वच्छी तिच्याकडं जायचं म्हणून राहिली आहे. आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं! तू कॉलेजात असताना गावातल्या अशाच एका बुवापुढं उभी राहून भांडलेली पोरगी. तुझ्याच आईनं तुझ्याच नावानं तिथं नारळ घेऊन जावं? मी ठिपक्याचं सांगितलं असतं तर ती त्याच पावली गेली असती. आणि न सांगावं, तर लेकीचं जे काही उरलंय ते आईपासून चोरून ठेवल्यासारखं. दोन्हीकडून मी बेजार.

शेवटी ती न सांगताच आली. मुखेडच्या गाडीनं, रिक्षातून दारात उतरली तेव्हा मी पायानं ठिपका पुसायला धावले. उशीर झाला.

"आक्का, हा तू ठेवलास?"

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"आक्का, मी विचारून राहिले."

"न्हाई," म्हटलं.

ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. ठिपक्याला बोट लावलं न्हाई. म्हणाली, "अंगठ्यानं दाबलेला आहे. माझ्याकडं पण असाच असतो. रोज."

माय माझे! मी उंबऱ्यावर बसलेच. इथं नांदेडात एक, तिथं मुखेडात एक, एकाच सकाळी. आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना फोनवर "जेवलीस का" विचारून राहिलेल्या.

"मग त्या बाईकडं तिला बोलवायला कशाला चालली होतीस?" मी विचारलं.

"बोलवायला कशाला? ती येतीच आहे. पाठवायला चालले होते." वच्छीचा आवाज फाटला. "माझी लेक दाराबाहेर उभी आहे आक्का. आत येत न्हाई, जात बी न्हाई. तुला तरी झोप लागते का?"

"अडकायला आत्मा लागतो म्हणायची सुजा. आपण आत्मा मानत न्हाई."

"मी तरी कुठं मानते? पण ठिपका आहे ना?"

ह्यावर तू असतीस तर बोलली असतीस.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, जिवंतपणी सुजा हा ठिपका कशाला ठेवायची. मी सगळं सांगितलं, दोघींच्या वरची जवळची, निकाल लागत न्हाई, ते. वच्छी ऐकत राहिली. तुला वाटायचं तुझ्या आईला ह्यातलं काही कळत न्हाई. तिनं एकच विचारलं, "म्हणजे आपली रांगोळी चुकीची आहे?"

"तिच्या हिशोबानं."

"मग सुधारू की. इतकी वर्षं सांगून राहिली, आपण एकदा तरी ऐकू. ऐकलं तर ती कशाला येईल परत परत?"

ह्याच वाक्याला मी भिऊन होते. म्हटलं, "आणि ऐकलं न्हाई तर येत राहील." वच्छीनं माझ्याकडं असं बघितलं की माझ्या पोटातलं सगळं तिला दिसलं. ती रागावली न्हाई. म्हणाली, "आक्का, तुला ती हवी. मला तिचं थांबणं बघवत न्हाई. आई मी आहे." आणि ह्यात मात्र क्रम लागतो, सुजे. तिथं माझा नंबर तिच्या मागं. मधला ठिपका रोज ठेवीन, असा मी तिला शब्द दिला.

दुसऱ्या सकाळी दोघींनी मिळून रांगोळी काढली. मधला ठिपका तिनं ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. मी बघत होते. हुबेहूब तुझा ठिपका, जराही फरक न्हाई. आणि मग तुझी आई त्या फरशीवर मांडी घालून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रडून झाल्यावर भाकरी मागितली. देगलूरचं नाव परत काढलं न्हाई. आता मुखेडहून फोन येतो, "आक्का, शांत वाटून राहिलं." बरं झालं. खरंच बरं झालं.

पण माझ्याकडं काय? मी रोज मधला ठिपका ठेवते. रांगोळी बरोबर असते. कुणी तिला हात लावत न्हाई. दोन कप शेजारी ठेवले की दोनच कप असतात. तुझे काका जेवताना ताटातच बघतात. काल न राहवून म्हणाले, "घर लई मोकळं वाटून राहिलं गं." आणि ते तर हात आपल्या मनानं चालतो म्हणणारे!

म्हणून आज मी काय केलं ते ऐक. ते बाजारात गेल्यावर रांगोळी काढली. मधला ठिपका ठेवला, दाबला, वच्छीला दिलेला शब्द मोडला न्हाई. पण शेंड्याचा ठिपका ठेवलाच न्हाई. वरच्या दोघी तशाच उघड्या सोडल्या आहेत. त्यांच्या वर जवळचं न्हाई, लांबचं न्हाई, कुणी म्हणजे कुणीच न्हाई. केवढी मोठी चूक आहे बघ. शेजारीण पण म्हणाली, काकू, अर्धीच राहिली की. मी म्हटलं, राहू दे, आमच्याकडं एकजण येऊन पुरी करणार आहे.

तुझ्या आईला सांगू नको. पूर्वी गाडी लोह्याला आली की तू फोन करायचीस, "मावशी, भात टाक." आता फोनची वाट न बघताच टाकते. ये गं माय. लवकर ये, आणि ह्या खेपेला आत ये.